नायकाने नगारा उतरवला

बेत आखावा तर हरिसिंग नायकानं! सगळ्या तांड्याचं हे मत होतं की नाही ते ठाऊक नाही, पण खुद्द हरिसिंग नायकाचं तरी अगदी ठाम होतं.

"माह्या आज्यानं हजार बैल घेऊन कोकणातून मीठ आनलं, गुरुजी! घाट चढला, घाट उतरला, एक गोन भिजू देली नाही. त्याच्या नातवाले तुमी चिखलदऱ्याचा रस्ता सांगता?"

आजा खरा होता, मीठही खरं होतं. बैलांचा आकडा तेवढा दर पोळ्याला थोडा वाढायचा. हरिसिंग स्वतः मात्र पूर्वेला घाटंजी, पश्चिमेला आर्णी आणि उत्तरेला यवतमाळ एवढ्याच मुलखाचा राजा. यवतमाळला जाऊन त्याने छोटी रेलगाडी दोनदा पाहिली होती. आत बसायची वेळ आली नव्हती, आणि ही गोष्ट तो सहसा कोणाला सांगत नसे.

साठ-एकसष्टची गोष्ट आहे. बैलांच्या पाठीवर माल लादून मुलुखभर फिरायचं, त्या लदेणीचे दिवस कधीच सरले होते. हरिसिंगाच्या बापाने तांडा या माळावर आणून टेकवला, तेव्हापासून सदतीस घरं कापूस-ज्वारी पिकवून राहत होती. तांड्याला नाव नायकाचंच, म्हणजे सध्या हरिसिंगाचा तांडा. आपसांत ही मंडळी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलत, पण तुमच्या-माझ्या सोयीसाठी मी त्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावतो. तेही त्यांना चांगलं येत होतं.

तर चिखलदरा. ही मागणी मुळात हंसाबाईची, म्हणजे नायकाच्या बायकोची. लग्न झालं त्या वर्षीच ती म्हणाली होती, "माही याडी सांगे, डोंगरात पानी आभायातून सांडल्यावानी पडते. एकडाव दाखवा ना मले." याडी म्हणजे आई. नवरदेव ऐटीत म्हणाले, "पुढच्या वर्षी!" पुढच्या वर्षी दुबार पेरणी आली. मग बैल मेला. मग मुलगी झाली, मुलीला देवी आल्या, मुलीचं लग्न आलं. अशी सव्वीस 'पुढची वर्षं' मागे पडली.

औंदा हरिसिंगाने आपण होऊन विषय काढला, तर हंसाबाई भाकर थापता थापता म्हणाली, "राहू द्या आता. मी नाही मांगत."

ना राग, ना टोमणा. रागाची हरिसिंगाला सवय होती, टोमण्याला तर तो जेवणातलं मीठच समजे. पण या शांत 'राहू द्या'ने त्याच्या काळजात चर्र झालं. बायकोनं मागणंच सोडून दिलं, तर सदतीस घरांचं नायकपण काय चुलीत घालायचं? तो तडक उठला आणि तांड्यातल्या शाळेत पंजाबराव गुरुजींकडे गेला. गुरुजी तरुणपणी वर्षभर परतवाड्याला होते आणि चिखलदरा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"काय सांगू नायक! सिपना, खंडू, खापरा, नद्याच नद्या! भीमकुंडात पानी पडते तर बाजूच्या मानसाचं बोलनं ऐकू येत नाही. अन् ढग? ढग खिडकीतून घरात येते!"

"बापा! अन् मंग?"

"मंग दुसऱ्या खिडकीतून जाते."

हरिसिंगाने हे हंसाबाईला जसंच्या तसं सांगितलं. तिने हातातली भाकर तव्यावर टाकली, उलटायला विसरली, आणि ती करपल्यावर म्हणाली, "दोन खिडक्या लागतीन मंग." त्या क्षणी हरिसिंगाने मनाशी गाठ बांधली. यंदा काही झालं तरी हिला न्यायचंच.

बेतही झकास जमला. पोळा झाला होता, निंदण-डवरणी आटोपली होती, कापूस फुटायला अवकाश होता. मधले पंधरा दिवस मोकळे! यवतमाळहून छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथे गाडी बदलून अचलपूर, पुढे मोटार. फक्त दोघंच जाणार, आणि तेही गुपचूप!

गुपचूप का? तर नसाबमुळे. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तिच्यापुढे विषय गेला की प्रत्येक जण दोनदा बोलणार. गेल्या वर्षी शाळेच्या दाराला कोणता रंग द्यायचा यावर नसाब तीन दिवस बसली होती, आणि दार अजून बिनरंगाचंच होतं. चिखलदऱ्याचा विषय निघाला असता तर हंसाबाईचं आणखी एक वर्ष गेलं असतं. म्हणून तोंडाला कुलूप! गुरुजींकडूनही त्याने तशी शपथ घेतली.

तयारी सुरू झाली. घाटंजीच्या बाजारातून दोन छत्र्या आल्या. त्या हरिसिंगाने घोंगडीत गुंडाळून आणल्या आणि वाटेत विचारणाऱ्याला "हत्यार हाये" असं सांगितलं. मग प्रश्न आला कपडे कोरडे ठेवायचा. आज्याची एकही गोण भिजली नव्हती ना? मग गोणच पाहिजे! बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी ती जुनी जाड गोण आता तांड्यात एकाकडेच उरली होती. खेमसिंग कारभाऱ्याकडे. कारभारी म्हणजे नायकाचा उजवा हात.

"खेमा, तुह्या बापाची लदेणीची गोन हाये का रे?"

खेमसिंग दोरी वळत होता. त्याचे हात थांबले. "हाये. कायले?"

"हाये काम. डोंगरात जाचं हाये. तू कोनाले बोलू नको."

"नायक, मी मेलो तरी बोलत नाही!" खेमसिंग म्हणाला. आणि तो खरंच बोलला नाही. फक्त बायकोला, चंदाबाईला, तेवढं सांगितलं. चंदाबाईनेही शब्द पाळला. तिने फक्त विहिरीवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हरिसिंग लालीबाईकडे गेला. ही त्याची काकी. वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढे, दात दोन, आणि तांड्यात लदेणी अनुभवलेलं शेवटचं माणूस. लहानपणी बैलाच्या पाठीवर बसून तिने डोंगर पाहिले होते.

"काकी, डोंगरात झड लागली तं चूल कशी पेटवत होते वं तुमी?"

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे पाहिलं. "काहून विचारतं रे हरि?"

"असंच."

"असंच कोनी विचारत नाही." म्हातारीचे डोळे भरून आले. "मले वाटे आता मी याच माळावर मरतो. याच माळावर!" आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. चूल पेटवायच्या प्रश्नाला एवढी माया उतू कशी गेली, हे हरिसिंगाला कळलं नाही. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून तो घरी आला.

आणि मग त्याने ती गोष्ट केली. नगारा उतरवला!

नायकाच्या दारात चौथऱ्यावर तांड्याचा नगारा असे. हरिसिंगाला वाटलं, आपण आठ दिवस नाही, मध्येच झड आली तर कातडं भिजून सैल पडेल. म्हणून त्याने सकाळच्या उन्हात, साऱ्या तांड्यादेखत, नगारा खाली घेतला, पुसला, तेल लावलं आणि घरात नेऊन ठेवला. काम किती नीटनेटकं झालं म्हणून स्वतःवरच खूश होऊन त्याने पाठ खाजवली.

आता यातली मेख ऐका. जुना रिवाज असा, की तांडा उठवायचा असेल तर नायक तोंडाने बोलत नसे. वाटेवर लुटारू टपलेले, बातमी फुटली की घात! म्हणून नायकाने मुकाट नगारा उतरवायचा आणि बाकीच्यांनी मुकाट सामान बांधायचं. कुठे, कधी, कशाला, काही विचारायचं नाही. मागच्या खेपेला नगारा उतरला तो हरिसिंगाच्या बापाने उतरवला होता, या माळावर यायला निघताना. तेव्हा हरिसिंग पाळण्यात होता! त्यामुळे हा रिवाज तांड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होता, त्यांनी तो पोरासोरांना सांगितला होता, आणि नायकाला ठाऊकच असणार म्हणून नायकाला तेवढा कोणी सांगितला नव्हता.

त्या दुपारपासून तांडा कामाला लागला. ठोकाठोकी, दळणकांडण, गाड्यांच्या चाकांना वंगण. हरिसिंग ओट्यावर बसून कौतुकाने पाहत होता.

"पाह्य, हंसा. नायक कामाले लागला की तांडा कसा कामाले लागते! कापूस फुटाले अजून अवकाश हाये, अन् आतापासून गाड्या दुरुस्त करून राह्यले."

हंसाबाई दारात उभी होती. "चंदाबाईनं भिंतीतल्या खुंट्या उपटल्या," ती हळूच म्हणाली.

"घुशी झाल्या असतीन!"

संध्याकाळी शेजारच्या गावचे विठ्ठलराव पाटील आले. त्यांचं शेत तांड्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. गडी मोठा धिप्पाड, पण आज चेहरा उतरलेला. येऊन ओट्यावर टेकले.

"नायक, ऐकलं ते खरं हाये म्हना."

हरिसिंगाने मनातल्या मनात गुरुजींना शिवी दिली. "खरं हाये. पन तुमी कोनाले सांगू नका."

"चाळीस वर्साचा शेजार. तुमच्याबिगर करमनार नाही, नायक."

"करमते हो पाटील! दिवस काय, चुटकीसरशी जाते." हरिसिंगाला मनापासून भरून आलं. आठ दिवसांसाठी एवढा जीव तुटतो, म्हणजे आपण माणसं जोडली आहेत खरी!

"पन खेमसिंग बी तुमच्यासंग चालला म्हनते ना?"

हरिसिंग ताडकन उठला. म्हणजे हा खेमा गोण देतो काय आणि स्वतःच मागे लागतो काय! बायकोला एकदाचा धबधबा दाखवायचा, तर हा लोंबकळणार मध्ये? विठ्ठलरावांना चहाही न विचारता तो खेमसिंगाच्या दारात पोचला. आत चंदाबाई मडकी पोत्यात भरत होती, तिकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"खेमा! तू येऊन राह्यला म्हने?"

"मंग? तुमी जिथं, आमी तिथं!" खेमसिंग छाती काढून म्हणाला.

"काही गरज नाही! आमी दोघंच जाऊन राह्यलो. मी अन् हंसा."

खेमसिंग क्षणभर घोटाळला. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नायक पुढे जाऊन जागा पाहणार! पाणी कुठे, चारा कुठे, ते ठरवणार!

"समजलो नायक. तुमी पुढं व्हा."

"हां. आता कसं!"

हरिसिंग समाधानाने घरी गेला. आणि खेमसिंगाने घरोघर निरोप धाडला की नायक पुढे निघणार, तेव्हा उद्या उजाडता गाड्या जुंपलेल्या पाहिजेत. नायकाची पाठ नजरेआड होता कामा नये.

उजाडलं. हरिसिंगाने नवं धोतर नेसलं, लाल पागोटं बांधलं, खांद्यावर गोण घेतली आणि काखेत दोन छत्र्या मारल्या. हंसाबाईने आरशांचा फेटिया, म्हणजे घागरा, घातला होता. सव्वीस वर्षांनी ती अशी हसली होती की हरिसिंग दोनदा उंबऱ्याला अडखळला. त्याने दार उघडलं.

समोर गाड्या! ओळीने गाड्या! गाड्यांवर मडकी, बाजा, पाटे-वरवंटे, कोंबड्यांची खुराडी, पाळण्यासकट तान्ही पोरं. मागे शेळ्या, त्यांच्यामागे म्हशी. बायका दागदागिने घालून उभ्या. गुरुजी डोक्यावर फळा घेऊन उभे, कारण नगारा उतरला म्हणजे नायकाने बेत बदलला असं त्यांनाही वाटलं होतं, आणि पोरंच जाणार तर शाळा कोणाला शिकवायची? पहिल्या गाडीवर, उशाला वाकळ घेऊन, लालीबाई राणीसारखी बसली होती. शेवटी विठ्ठलराव, गावातली चार माणसं घेऊन, डोळे पुसत.

"हे काय रे?" हरिसिंगाने विचारलं.

"तयार हाओ, नायक!" खेमसिंग म्हणाला. "सदतीस घरं. एक बी मांगं नाही."

"पन कोठी?"

"ते तुमाले मालूम! आमी कायले विचारावं?"

हरिसिंगाने चौथऱ्याकडे पाहिलं. रिकामा. गाड्यांकडे पाहिलं. लालीबाईच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. हळूहळू, चिखलातून बैल वर यावा तसा, अर्थ त्याच्या डोक्यात वर आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! खरं सांगावं तर नायकाची अब्रू जाणार. खोटं सांगावं तर सदतीस घरं उभा कापूस टाकून निघणार. आणि काहीही केलं तरी हंसाबाईचा धबधबा बुडणार.

"भाऊहो," तो म्हणाला, आणि काखेतली एक छत्री खाली पडली. "तांडा उठवाचा नव्हता. मी... हंसाले घेऊन चिखलदऱ्याले जाऊन राह्यलतो. धबधबा पाहाले."

एक शेळी तेवढी ओरडली.

"पाहाले?" खेमसिंगाने विचारलं. "नुसतं पाहाले?"

"नुसतं."

"पानी?"

"पानी."

"पानी तं इथं बी पडते ना, नायक!"

आणि मागे कुणीतरी फसकन हसलं. मग चंदाबाई हसली, मग बाया, मग गाडीवान, मग विठ्ठलराव तर पोट धरून खालीच बसले! सगळा माळ हसत होता. हरिसिंग मात्र हसला नाही. तो गाड्यांकडे पाहत होता. या लोकांनी परवाच सारवलेल्या भिंतींतून खुंट्या उपटल्या होत्या. हाताशी आलेलं पीक सोडलं होतं. कशासाठी, हे एकानेही विचारलं नव्हतं. का? तर नायकाने नगारा उतरवला. आज्याच्या हजार बैलांच्या गोष्टी सांगणाऱ्या आपल्या तोंडाची त्याला पहिल्यांदाच लाज वाटली.

"चुकलो," तो म्हणाला. "सामान उतरवा. मले माफ करा."

"उतरवतो, त्याचं काय!" खेमसिंग डोळे पुसत म्हणाला. "तुमी निघा. गाडी चुकीन."

"कसा निघीन?" गाडीवरून लालीबाई कडाडली. "नगारा उतरला हाये! आता नायकानं शीव ओलांडली की तांड्याले ओलांडा लागते. रिवाज हाये! कापूस पाहिजे ना? मंग नायक जाग्यावर ठेवा!"

नसाब तिथल्या तिथे बसली आणि इतिहासात पहिल्यांदाच एका दमात उठली. म्हातारीचं खरं होतं! नगारा पुन्हा चौथऱ्यावर चढवायचा, आणि कापूस घरात येईपर्यंत नायकाने शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही.

हंसाबाईने खाली पडलेली छत्री उचलली. "चला घरात," ती म्हणाली. पुन्हा तोच आवाज, ना राग, ना टोमणा.

तो आवाज ऐकला आणि हरिसिंगाच्या अंगात आजा संचारला.

"थांब! काकी, तांडा नायकामांगं जाते ना?"

"जाते."

"नायकिनीमांगं जाते काय? हाये असा रिवाज?"

म्हातारीने पुष्कळ आठवून पाहिलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही बा," ती शेवटी म्हणाली. "असा काही रिवाज नाही."

"मंग हंसा जाईन! मी राह्यतो. गुरुजी, फळा ठेवा खाली, तुमी रस्ता दाखवा!"

"पन दुसऱ्या छत्रीचं काय?" चंदाबाईने विचारलं.

"दुसरी माही!" लालीबाई म्हणाली. "मले गाडीत चढवाले चार मानसं लागली. आता मी चिखलदऱ्यालेच उतरतो!" आणि तिने वाकळ अशी घट्ट धरली की तिला उतरवायचा विचारही कोणी केला नाही.

गाडी यवतमाळच्या वाटेला लागली. हंसाबाई वळून वळून पाहत होती. हरिसिंग शिवेपर्यंत गेला, शिवेवर थांबला, आणि गाडी दिसेनाशी होईतो पागोटं हलवत राहिला. मग घरी येऊन त्याने नगारा चौथऱ्यावर चढवला, स्वतः भाकरी थापल्या आणि स्वतःच त्या म्हशीला घातल्या.

नवव्या दिवशी ती मंडळी परत आली. सारा तांडा गोळा झाला. हंसाबाई सांगत होती, हात हलवून, उभी राहून, पाणी कसं पडतं, डोंगर कसे गायब होतात, ढग खरंच घरात कसा शिरतो. एवढं बोलताना हरिसिंगाने तिला कधी पाहिलं नव्हतं. आपण गेलो नाही याचं वाईट वाटायचं तो विसरूनच गेला.

माणसं पांगल्यावर ती त्याच्याजवळ ओट्यावर बसली.

"पुढच्या वर्षी तुमी चला. नगारा उतरवाच्या आधी खेमसिंगले आठ दिवसांपुरतं नायक करून टाका. नायक जाग्यावर, तांडा जाग्यावर, अन् तुमी मोकळे."

हरिसिंगाने मांडीवर थाप मारली. "वा वं! काय डोकं हाये! औंदाच करता आलं असतं हे. खेमाले तिथंच नायक केलं असतं तं मी बी आलो असतो! कवा सुचलं तुले?"

"तवाच. काकीनं दुसरी छत्री मांगली तवा."

"तवाच? अन् बोलली काहून नाही?"

हंसाबाईने खाली पाहिलं. "छत्र्या दोनच होत्या. तुमी पुढच्या वर्षी बी जासान. काकीचं काय सांगावं? किती वर्सं राह्यली तिची?"

बेत आखावा तर कोणी, हे हरिसिंगाला कळून चुकलं होतं. बायकोकडे पाहून तो हसला आणि म्हणाला, "बरं केलं."

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून, दोनच दात असलेल्या तोंडाने, खणखणीत आवाज आला.

"हरि! पुढच्या साली गाडीत खिडकीपाशी मी बसतो! औंदा सारा रस्ताभर हंसाच बसली!"